ओल्ड क्रो : विमानाने येणारे डिझेल आणि गावाच्या मालकीचे ऊन

ओल्ड क्रोला रस्ता नाही. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात वर्षभराचा रस्ता नसलेली ही एकमेव वस्ती. प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्स दक्षिणेला सुमारे ८०० किलोमीटरवर आहे आणि मधल्या मुलखात डोंगर, दलदल नि नद्या. एखाद्या हिवाळ्यात बर्फ दाबून तात्पुरता रस्ता केला जातो. २०१४ साली असा केला होता. पण ते काम महागडे, आणि वसंत आला की रस्ता वितळून जातो. एरवी उन्हाळ्यात नदीतून होडी, हिवाळ्यात स्नोमोबाइल, आणि बाकी सगळ्यासाठी विमान.

गाव पॉर्क्युपाइन आणि क्रो या नद्यांच्या संगमावर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे ११० किलोमीटर वर वसले आहे. २०२१ च्या जनगणनेत इथे २३६ माणसे मोजली गेली. बहुतेक सगळे वुंटुट ग्विचिन या आदिवासी राष्ट्राचे. डिसेंबरात काही आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही, उन्हाळ्यात काही आठवडे तो मावळत नाही. थंडी उणे चाळीसपर्यंत जाते. अशा ठिकाणी वीज गेली तर नुसता अंधार होत नाही, पाण्याचे पाइप गोठतात आणि फुटतात. म्हणून १९७० च्या दशकापासून अगदी अलीकडपर्यंत इथली वीज एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे डिझेल जनरेटर. आणि हे डिझेलही विमानाने यायचे.

एअर नॉर्थ या युकॉनच्या विमान कंपनीने अनेक वर्षे ही वाहतूक हॉकर सिडली ७४८ जातीच्या विमानांनी केली. आपल्या हवाई दलात ‘अ‍ॅव्हरो’ म्हणून जे ओळखले जाते, तेच हे विमान. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते कानपूरला परवान्याने बांधले होते. जुने, दणकट, कच्च्या धावपट्टीवर उतरणारे. पण विमानाने डिझेल आणायचे म्हणजे दिवा लावण्याआधीच बरेच इंधन हवेत जळालेले असते.

उत्तरेकडच्या शेकडो छोट्या वस्त्यांची हीच गत आहे, कॅनडात, अलास्कात, ग्रीनलंडमध्ये, सैबेरियात. त्यांपैकी ओल्ड क्रो अभ्यासायला का घ्यावे, तर तिथे २०२१ मध्ये सौर प्रकल्प सुरू झाला म्हणून. पण सौर पॅनेल आता कुठेही बसतात. ओल्ड क्रोमध्ये पाहण्यासारखे आहे ते त्यामागचे कागदपत्र : पॅनेल कुणाचे, वीज कुणाला विकली, कोणत्या भावाने, आणि तसा करार करण्याची ताकद २३६ माणसांच्या गावात आली कुठून.

आधी जमीन

ही ताकद पन्नास वर्षे मागे जाऊन शोधावी लागते. १९७३ मध्ये एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली युकॉनमधल्या आदिवासी प्रमुखांचे शिष्टमंडळ ओटावाला गेले आणि त्यांनी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या हाती आपल्या जमिनीवरच्या दाव्याचा मसुदा ठेवला. युकॉनमधल्या आदिवासींनी आपली जमीन कधीच कुणाला लिहून दिली नव्हती. त्यांच्याशी तसा तह झालाच नव्हता, आणि तरीही सरकार, खाण कंपन्या, सोने शोधणारे आले, राहिले, खणून गेले. दाव्याचा मुद्दा साधा होता : आता बसून ठरवू या.

बसून ठरवायला वीस वर्षे लागली. मे १९९३ मध्ये युकॉनसाठीचा छत्र-करार, म्हणजे पुढच्या सगळ्या करारांची सामायिक चौकट, ठरला आणि त्याच वेळी चार आदिवासी राष्ट्रांनी आपापले अंतिम करार आणि स्वशासनाचे करार केले. वुंटुट ग्विचिन त्या पहिल्या चारांत होते. करार १९९५ मध्ये अमलात आले. त्यातून त्यांना सात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जमीन मालकीहक्काने मिळाली, आपले सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहूनही मोठी. सोबत भरपाईची रक्कम मिळाली आणि स्वतःचे कायदे करणारे, स्वतःचा अर्थसंकल्प मांडणारे सरकार मिळाले. त्याच वर्षी शेजारी वुंटुट राष्ट्रीय उद्यानही स्थापन झाले.

गावाने भरपाईचे पैसे कसे वापरले, यात पुढच्या गोष्टीचे बीज आहे. वुंटुट ग्विचिनांच्या विकास महामंडळाने एअर नॉर्थमध्ये ४९ टक्के भाग घेतला. ज्या गावाचे दूध, खिळे, रुग्ण आणि डिझेल विमानानेच येते-जाते, त्या गावाने विमान कंपनीतच भागीदारी घ्यावी, याइतकी शहाणी गुंतवणूक मला तरी सुचत नाही. भाडे देणारे आणि नफा घेणारे यांच्यातली भिंत त्यांनी अर्धी पाडली. सौर प्रकल्पात त्यांनी तीच चाल पुन्हा खेळली, फक्त जास्त पूर्णपणे.

तळी रिकामी होतात

गावाच्या उत्तरेला ओल्ड क्रो फ्लॅट्स नावाचा सखल, ओला प्रदेश आहे. दोन हजारांहून अधिक तळी, पाणपक्ष्यांचे मोठे घर, आणि १९८२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंदलेली जागा. ग्विचिनांच्या दृष्टीने हा प्रदेश म्हणजे वसंतात मस्करॅट धरायला जायची जागा. मस्करॅट हा घुशीच्या जातीचा पाण्यातला प्राणी, त्याचे मांस खातात, कातडे विकतात. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे ठरलेल्या तळ्यांवर मुक्काम टाकत आली. माणसाचा वावर या भागात किती जुना, याचा वाद अजून चालू आहे. गावाच्या नैर्ऋत्येला ब्लूफिश गुहांमध्ये सापडलेल्या हाडांवर माणसाने अवजाराने केलेल्या खुणा असल्याचा आणि त्यांतली काही हाडे सुमारे २४,००० वर्षांपूर्वीची असल्याचा दावा २०१७ साली नव्याने मांडला गेला. सगळे पुरातत्त्वज्ञ तो मानत नाहीत.

या तळ्यांखाली कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळू लागली की तळ्याचा काठ खचतो, पाण्याला वाट सापडते आणि तळे वाहून जाते. २००७ च्या उन्हाळ्यात झेल्मा नावाच्या मोठ्या तळ्याचे असेच झाले. थोड्याच दिवसांत त्याचे बरेचसे पाणी निघून गेले आणि मागे चिखल राहिला. गावकऱ्यांना अशी चिन्हे आधीपासून दिसत होती : झुडपे उंच होताहेत, नदीवरचा बर्फ लवकर फुटतोय, बर्फावरून चालण्याचे जुने अंदाज चुकताहेत. त्यांनी शास्त्रज्ञांना बोलावून घेतले आणि आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने २००७ पासून मोठा अभ्यास झाला, ज्यात कोणते प्रश्न विचारायचे हे ठरवताना गावाचाही शब्द होता. उत्तरेत संशोधक येतात, नमुने घेतात, जातात आणि गावाला अहवालसुद्धा मिळत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. इथे क्रम उलटा राहिला.

मे २०१९ मध्ये वुंटुट ग्विचिन सरकारने हवामान आणीबाणी जाहीर केली. तेव्हाचे प्रमुख डाना टिझिया-ट्रॅम तिशीतले होते. त्यानंतर महिन्याभरात कॅनडाच्या संसदेने आणि जुलैमध्ये देशातल्या आदिवासी राष्ट्रांच्या महासभेने तशाच घोषणा केल्या. घोषणा करायला काय जाते, असे म्हणता येईल, आणि कॅनडाच्या संसदेबाबत ते म्हणायला हरकतही नाही. ओल्ड क्रोच्या घोषणेला मात्र एक तारीख जोडलेली होती : २०३० पर्यंत गाव कार्बनच्या हिशेबात शून्यावर आणायचे. आणि सौर प्रकल्पाची तयारी तोवर बरीच पुढे गेलेली होती.

प्रकल्प

स्री व्याह असे प्रकल्पाचे नाव. २,१६० पॅनेल, एकूण क्षमता ९४० किलोवॉट, सोबत ६१६ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि सगळ्याचा मेळ घालणारी नियंत्रण यंत्रणा. खर्च सुमारे ६५ लाख कॅनेडियन डॉलर, त्यात कॅनडाच्या केंद्र सरकारचा आणि युकॉन सरकारचा मोठा वाटा.

ध्रुववृत्तावर सौर ऊर्जा, हे ऐकूनच आपल्याकडचा माणूस भुवया उंचावतो. पॅनेलला उष्णता लागत नाही, प्रकाश लागतो, आणि थंडीत ते किंचित चांगलेच चालते. मार्च-एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असते, जमिनीवर बर्फ असतो, आणि बर्फावरून परावर्तित झालेला उजेडही पॅनेलवर पडतो. अडचण निराळी आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येत नाही, तो गावाभोवती चक्कर मारतो, मध्यरात्री उत्तरेला असतो. नुसते दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेल्या पॅनेलच्या तो अर्धा वेळ पाठीमागे असणार. आणि डिसेंबर-जानेवारीत जिथे तोंड कराल तिथे अंधार.

डिझेलशी संसार करणे ही याहून अवघड गोष्ट. मोठा जनरेटर फार कमी भारावर चालवला की इंधन नीट जळत नाही, काजळी साठते, इंजिन खराब होते. म्हणून उत्तरेतल्या बहुतेक सौर-डिझेल प्रकल्पांत गंमत अशी होते की ऊन भरपूर असले तरी जनरेटर बंद करता येत नाही, मग सौर वीजच दाबून ठेवावी लागते. पॅनेल थोडे बसवले तर ही अडचण येत नाही, पण डिझेलही फारसे वाचत नाही. ओल्ड क्रोमध्ये पॅनेल गावाच्या सरासरी मागणीच्या कितीतरी पट बसवले आणि मधे बॅटरी घातली. बॅटरी रात्रभर गाव चालवण्यासाठी नाही, ती तेवढी मोठी नाहीच. गावाची सरासरी मागणी तीनशे किलोवॉटच्या आसपास धरली, तर ती दोन तास पुरेल. तिचे काम वेळ मिळवून देणे. ढग आला, मागणी वाढली, तर जनरेटर सुरू होईपर्यंत ती भार सांभाळते. हा भरवसा असल्यामुळेच उन्हाळ्यात जनरेटर पूर्ण बंद ठेवता येतात. पाच दशकांची घरघर थांबणे याचे गावात काय वाटले असेल ते सांगायला तंत्रज्ञ नको.

आता मालकी. सौर पॅनेल वुंटुट ग्विचिन सरकारच्या मालकीचे. डिझेल केंद्र, बॅटरी आणि तारा अ‍ॅटको या वीज कंपनीच्या. दोघांत २५ वर्षांचा वीज खरेदी करार. कंपनी गावाची सौर वीज घेते आणि त्या विजेसाठी डिझेलवर जेवढा खर्च झाला असता त्याच्या आसपास भाव देते. त्यातून गावाच्या सरकारला वर्षाला साधारण ४ लाख १० हजार डॉलर मिळतील आणि वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचेल, म्हणजे विजेसाठी जळणाऱ्या डिझेलचा जवळजवळ चौथा भाग, असा अंदाज बांधला गेला होता.

आकड्यांशी थोडे बसू

४ लाख १० हजार भागिले १ लाख ८९ हजार : लिटरमागे २ डॉलर १७ सेंट. विमानाने आलेल्या डिझेलचा भाव असाच असणार, तेव्हा दोन्ही अंदाज एकमेकांशी जुळतात. छोट्या जनरेटरमध्ये एक लिटर डिझेलमागे साडेतीन युनिट निघतात असे धरले, तर प्रकल्पाकडून वर्षाला साडेसहा लाख युनिटांच्या आसपास अपेक्षा आहे. इतकेच पॅनेल सोलापूरच्या उन्हात ठेवले असते तर त्यांनी दुपटीहून जास्त वीज दिली असती. मग हे पॅनेल उत्तर ध्रुवाजवळ नेणे वेडेपणा नव्हे का? नाही, कारण सोलापूरची सौर वीज तिथल्या ग्रिडच्या स्वस्त विजेशी स्पर्धा करते, आणि ओल्ड क्रोची सौर वीज विमानातून उतरलेल्या डिझेलशी. विजेची किंमत ऊन ठरवत नाही, तिच्याऐवजी काय जळाले असते ते ठरवते.

खर्च ६५ लाख, वार्षिक उत्पन्न ४ लाख १० हजार. साधा भागाकार केला तर जवळपास १६ वर्षांत भांडवल फिटते. यात देखभाल धरलेली नाही, आणि व्याजही नाही. खासगी कंपनीने या हिशेबावर पैसे घातले नसते. सरकारी अनुदानाशिवाय हा प्रकल्प उभा राहिला नसता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण अशा प्रकल्पांच्या जाहिरातींत ते नेहमी बारीक अक्षरांत असते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी : डिझेलची वीज देखील दरवर्षी इतरांच्या पैशावरच चालत होती. अनुदान आधीही होते. ते दरवर्षी जळत होते, आता एकदाच दिले गेले.

वीजबिलाचा मुद्दा तर फारच शिकवणारा. युकॉनमध्ये निरनिराळ्या वस्त्यांचे घरगुती वीजदर बरेचसे समान ठेवण्याचे धोरण आहे, म्हणजे ओल्ड क्रोच्या महागड्या विजेचा जादा बोजा सगळ्या प्रदेशातल्या ग्राहकांत वाटला जातो. आता समजा, हेच पॅनेल वीज कंपनीने बसवले असते. डिझेल वाचले असते, आणि ती बचत सगळ्या प्रदेशातल्या ग्राहकांत वाटून प्रत्येकाच्या बिलात दिसलीही नसती. ओल्ड क्रोच्या घरात बिल तेवढेच आले असते आणि गावाला मिळाले असते ते कुंपणाआडचे पॅनेल बघण्याचे भाग्य. खरेदीचा भाव डिझेलच्या खर्चाशी बांधल्यामुळे ही बचत गावाच्या तिजोरीत अडवली गेली. बंधारा कुठे घालायचा हे ज्याला कळते त्याचे शेत भिजते, तसेच काहीसे.

याच्यावर एक रास्त आक्षेप आहे. वाचलेल्या डिझेलचे सगळे पैसे जर गावाकडेच गेले, तर व्हाइटहॉर्सच्या ग्राहकाला काय मिळाले? पैशांत जवळजवळ काही नाही, त्याला फक्त कमी धूर. हा आक्षेप मला पटत नाही. याच प्रदेशाच्या दक्षिणेत सोन्यापासून जलविद्युतीपर्यंत बरेच काही उभे राहिले, तेव्हा त्या त्या जमिनीच्या मूळ मालकांना किती वाटा मिळाला हे पाहिले की लिटरमागच्या दोन डॉलरांची चर्चा किरकोळ वाटते. पण धोरण म्हणून विचार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे : युकॉनमधल्या प्रत्येक डिझेलगावाने असाच करार केला, तर हवा स्वच्छ होईल, पण वीज स्वस्त होणार नाही.

जिथे ऊन पोचत नाही

डिझेलच्या बचतीचा वर सांगितलेला चौथा हिस्सा विजेपुरता आहे. उत्तरेत सगळ्यात जास्त ऊर्जा घर गरम ठेवण्यात जाते, आणि ती गरज नेमकी सूर्य नसतो तेव्हा शिगेला असते. ओल्ड क्रोमध्ये घरे लाकूड आणि तेल यांवर तापतात. लाकूड आसपासच्या जंगलातून स्नोमोबाइलने ओढून आणतात, म्हणजे त्यासाठीही पेट्रोल. तेल विमानाने. जुन्या घरांना भेगा, आणि वितळत्या जमिनीमुळे घर हलले की भेगा वाढतात. भिंतीत नीट ऊबरोधक भरणे हे पॅनेलइतके छायाचित्रात उठून दिसत नाही, त्यामुळे त्याच्या बातम्या होत नाहीत. कार्बनच्या हिशेबात मात्र ते वरच्या क्रमांकाला हवे.

अन्नाचे तर त्याहून बिकट. दुकानातले जवळपास सगळे विमानाने येते. दुर्गम भागातल्या अन्नावर कॅनडा सरकार जे अनुदान देते, त्यासाठी युकॉनमधून एकटे ओल्ड क्रो पात्र आहे. तरीही भाजीपाला, दूध, फळे महागच. म्हणून शिकार आणि मासेमारी हे इथे संस्कृती जपण्यापुरते नाही, घरखर्चाचा भाग आहे. आणि तोच भाग दोन बाजूंनी आकसतो आहे.

एक बाजू माशांची. युकॉन नदीत येणारे चिनूक जातीचे सॅमन मासे इतके घटले की एप्रिल २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्का यांनी सात वर्षे, म्हणजे माशाचे एक पूर्ण जीवनचक्र, त्यांची मासेमारी थांबवण्याचा करार केला. पॉर्क्युपाइन ही युकॉनचीच उपनदी. तिच्यात येणारे चम जातीचे सॅमनही अलीकडे फारच थोडे. सॅमन हे माणसांइतकेच कुत्र्यांचेही खाणे होते, उन्हाळ्यातल्या मासेमारीच्या तळांवर आजोबा-नातवंडे एकत्र राहायची. ही शाळा बंद पडली तर तिची भरपाई वीज विकून करता येत नाही.

दुसरी बाजू कॅरिबूची, म्हणजे उत्तरेतल्या रानटी रेनडिअर हरणांची. पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा कळप दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर पिल्ले घालायला जातो. २०१७ च्या गणनेत हा कळप २,१८,००० इतका होता. पिल्ले घालण्याची ती किनारपट्टी अमेरिकेच्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात येते, आणि तिच्याखाली तेल असावे असा अंदाज आहे. १९८८ पासून ग्विचिन लोक, सीमेच्या दोन्ही बाजूंचे, तिथल्या तेल उत्खननाविरुद्ध लढत आहेत. ओल्ड क्रोची माणसे वर्षानुवर्षे वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या दारात उभी राहिली. २०१७ च्या अमेरिकी कर कायद्यात एक कलम घालून ती किनारपट्टी तेलासाठी खुली केली गेली, जानेवारी २०२१ मध्ये भाडेपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला, त्यात मोठ्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत. पुढच्या सरकारने काही भाडेपट्टे रद्द केले, त्यापुढच्या सरकारने पुन्हा दार उघडले. हा खेळ अजून चालू आहे.

म्हणजे गाव आपल्या छतापुरते डिझेल कमी करत असताना, त्याच्या ताटातले मांस दुसऱ्या देशाच्या निवडणुकांवर अवलंबून आहे. शाश्वत विकासाचे आराखडे करणाऱ्यांना हे फारसे आवडत नाही, कारण आराखड्यात गावाची सीमा आखून घ्यावी लागते. कॅरिबूला ती सीमा माहीत नाही.

माणसे

प्रकल्पाचा एक भाग अहवालांत दोन ओळींत संपवला जातो : चालवणार कोण. पॅनेलची देखभाल फारशी नसते, पण इन्व्हर्टर बिघडतो, बर्फ काढावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात. तंत्रज्ञ व्हाइटहॉर्सहून यायचा तर विमान, आणि हवा वाईट असली तर तोही नाही. तेव्हा गावातली काही माणसे तयार असणे हा प्रकल्पाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आणि गावातल्या शाळेत नववीपर्यंतच शिक्षण आहे. पुढे मुलांना व्हाइटहॉर्सला जावे लागते, घरापासून दूर, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात. काही परत येतात. शिकून तंत्रज्ञ झालेला मुलगा ओल्ड क्रोमध्ये का राहील, याचे उत्तर पगारात थोडेफार आहे, पण बरेचसे नदीत मासे आहेत का, शरदात डोंगरावर कॅरिबू येतात का, आणि राहायला घर आहे का, यात आहे.

इथे वीजविक्रीचे ते चार लाख डॉलर उपयोगी पडतात. रक्कम मोठी नाही. पण ती कुणाच्या योजनेतून आलेली नाही, तिच्यावर ‘अमुकच कामासाठी’ असा शिक्का नाही. उत्तरेतल्या गावांना मिळणारा बहुतेक पैसा दिल्लीहून आपल्या जिल्हा परिषदांना येतो तसा, शीर्षकासह येतो. शीर्षक नसलेला पैसा हातात असला की गावसभेत भांडायलाही अर्थ राहतो.

बाकीच्या गावांनी काय घ्यावे

इतर वस्त्यांसाठी ओल्ड क्रोचा नमुना उचलताना लोक यंत्रे उचलतात. पॅनेल, बॅटरी, नियंत्रक. ते सोपे, विकत मिळते. पण ज्या गावाकडे स्वतःची जमीन नाही, करारावर सही करू शकणारे सरकार नाही, आणि वाटाघाटीला बसण्याइतका वकिलांचा खर्च करण्याची ऐपत नाही, तिथे हेच पॅनेल कंपनीच्या मालकीचे होतील आणि गावाला भाडे मिळेल, फार तर एखादी नोकरी. ओल्ड क्रोमध्ये सौर प्रकल्पाच्या आधी पंचवीस वर्षे जमिनीचा करार झालेला होता, हे वेळापत्रक कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

ओल्ड क्रोपुढचा पुढचा टप्पा अवघड आहे. उन्हाळ्यात आधीच जनरेटर बंद राहतात, त्यामुळे आणखी पॅनेल लावून फारसे साधणार नाही, ती वीज जाईल कुठे? हिवाळ्यासाठी वारा किंवा लाकूड हाच मार्ग. वाऱ्याची पाती बर्फाने जड होतात आणि तेवढे मोठे सांगाडे विमानात मावत नाहीत. लाकूड स्थानिक आहे, पण ध्रुववृत्तापलीकडे झाड वाढायला पिढी जाते. किती तोडायचे, कुणाच्या सरपणाच्या वाटेतले तोडायचे, हे गावानेच ठरवायचे आहे.

वीज खरेदीचा करार २०४६ च्या सुमारास संपेल. तोवर बॅटरी बहुधा एकदा तरी बदलावी लागेल, आणि शेवटी २,१६० पॅनेल उतरवून कुठेतरी न्यावे लागतील. कचरा टाकायला गावाजवळची गोठलेली जमीन आता भरवशाची राहिलेली नाही, तेव्हा तेही विमानानेच दक्षिणेला जातील, आणि त्या भाड्याचे पैसे कोणत्या वर्षापासून बाजूला टाकायचे हे वुंटुट ग्विचिनांना वार्षिक सभेत ठरवावे लागेल.